बिद्रीचे सर

फोंडा घाट चढून गाडी दाजीपूरला आली की कोकण संपल्याचं आधी नाकाला कळतं. खाली कणकवलीकडे जानेवारीतसुद्धा हवा अंगाला चिकटते. इथे कोरडा गारवा, कुजलेल्या पाचोळ्याचा वास आणि रस्त्यावर वाकलेली जांभळीची, अंजनीची झाडं. दाजीपूर म्हणजे पूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान. 1958 साली ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. इथून जाणाऱ्या प्रत्येकाला गवा दिसलेला असतो. समोरच उभा होता, गाडीएवढा होता, हलायलाच तयार नव्हता, अशा गोष्टी मी पोटभर ऐकल्या आहेत. मला मात्र गव्याचं शेणच दिसतं.

"तुला गवा दिसत नाही आणि देवही दिसत नाही," माझा मित्र म्हणायचा. "दोन्हीसाठी पहाटे उठावं लागतं. तू आठ वाजता चहा मागणारा माणूस."

हा मित्र बिद्रीचा. गेल्या जानेवारीत अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेला. त्याचं नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्याला कधी रुचलं नाही, आणि त्या चार-पाच गावांत नुसतं 'सर' म्हटलं तरी लोक बरोबर त्याच्या दारात नेऊन सोडत. त्याच्या कबरीवर वर्षाच्या आत दगड बसवायचा होता. "भावोजी, तुम्ही या. मजकूर काय घालायचा ते तुमच्याबिगर ठरायचं न्हाई," असा वहिनींचा फोन आला आणि मी निघालो.

आमची ओळख गारगोटीची. डॉ. जे. पी. नाईकांनी उभ्या केलेल्या मौनी विद्यापीठात आम्ही मास्तरकी शिकलो. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले, सगळ्या देशाच्या शिक्षणाचा आराखडा मांडणारे हेच नाईक आधी या आडबाजूच्या गावात येऊन राहिले होते, याचं आम्हाला त्या वयात काही वाटत नसे. आमची काळजी मेसच्या आमटीची. आम्ही कोकणातली पोरं घाट चढून तिथे शिकायला जायचो आणि भाकरी पाहून हिरमुसायचो, कारण दोन वेळा भात नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नसे. हा पोरगा स्वतःच्या ताटातला भात माझ्याकडे सरकवायचा आणि माझी भाकरी उचलायचा. जेवणाआधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचा. तो ख्रिस्ती आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. तोवर हा कुणा महाराजांच्या नादी लागलेला असावा, अशी माझी समजूत होती.

ख्रिस्ती माणसं मला नवी नव्हती. आमच्या सिंधुदुर्गात सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या बाजूला कॅथलिक वस्ती जुनी आहे. घरात कोकणी बोलणारी, वाडीच्या तिठ्यावर पांढरा खुरीस, त्याला अबोलीची माळ, संध्याकाळी मेणबत्त्या. फेस्ताच्या दिवशी बँड. शेजारच्या घरातून नाताळला केक यायचा आणि चतुर्थीला आमचे मोदक त्यांच्याकडे जायचे. त्यामुळे ख्रिस्ती घर म्हटलं की मूर्ती, माळ, मेणबत्ती, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. बिद्रीला त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर काहीच नव्हतं. एक घड्याळ, साखर कारखान्याचं कॅलेंडर आणि कोनाड्यात कडा झिजलेलं 'उपासना संगीत'. मी देव शोधतोय हे त्याच्या आईने ओळखलं. "आमच्यात फोटो नसतो बाळा," ती म्हणाली आणि माझ्या पुढ्यात चिरमुऱ्यांची ताटली ठेवली.

कोल्हापूरकडचे बहुतेक ख्रिस्ती अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या परंपरेतले. रॉयल वायल्डर नावाचे पाद्री 1852 साली कोल्हापुरात आले. गावाला ते नको होते, त्यांना हाकलून द्या म्हणून खटपटीही झाल्या. ते चिकटून राहिले आणि त्यांनी शाळा काढल्या. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली कोल्हापुरातच जन्मला आणि पुढे त्याने अमेरिकेतल्या कॉलेजांमधून मिशनकार्यासाठी विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी केली. मिरजेला 1894 साली वॉन्लेस यांचं हॉस्पिटल सुरू झालं, तेही याच मिशनचं. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहं निघाली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचंही एक होतं. मित्राचा आजोबा असाच एका मिशनशाळेच्या बाकावर बसला. "देवळाच्या पायरीला शिवायची बंदी होती त्या माणसाला," मित्र सांगायचा, "आणि इथे पुस्तक हातात दिलं. आधी काय वाचायला दिलं ते सोड, हातात दिलं हे बघ." पुढे 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती झालेले वगळले गेले, त्याची झळ याच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत पोचली. जातीचं जे होतं ते गावात राहिलं, सवलत तेवढी गेली. यावर तो कडवट बोलल्याचं मला आठवत नाही. पण फीचा विषय निघाला की गप्प व्हायचा.

राधानगरीला नेहमीप्रमाणे थांबलो. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं भोगावतीवरचं धरण, कन्येच्या नावावरून ठेवलेलं गावाचं नाव. तलाव भरला की आपोआप उघडणारे सात दरवाजे पावसाळ्यात बातम्यांत येतात, जानेवारीत त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. सोळांकूर, सरवडे मागे पडतात तसा रस्ता उसाच्या ताब्यात जातो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यांवर आभाळापर्यंत रचलेल्या मोळ्या, मागे लाल फडकं, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्णा. कर्ण्यातलं गाणं आपल्याला आवडो न आवडो, ओव्हरटेक होईपर्यंत ऐकायचं. रस्त्याकडेला बैलगाड्या. टोळीतल्या बायका डोक्यावर वाढ्याचे भारे घेऊन ओळीने चाललेल्या. एका फडात निम्मा ऊस तुटलेला, उरलेल्याच्या सावलीत साडीच्या झोळीत मूल झोपलेलं आणि शेजारी कोयता टेकवून ठेवलेला. आमच्याकडे आंबा-काजू माणसाला वर्षभर वाट बघायला लावतात, शांत बसवतात. इथला ऊस कुणाला बसू देत नाही. लागण, भरणी, पाण्याची पाळी, तोडीसाठी चिटबॉयच्या मागे फिरणं आणि मग बिल. बोलणंही तसंच, कामापुरतं, पण मोठ्यांदा.

हाच रस्ता सरळ निपाणीला जातो, तंबाखूच्या गावाला. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी तिथला रस्ता अडवला होता, गोळीबार झाला, माणसं मेली. या पट्ट्यात तंबाखू म्हणजे नुसतं व्यसन नाही, कितीतरी घरांचं पोट त्यावर चाललं. पारावर बसलेला म्हातारा ओळख नसतानाही चुन्याची डबी पुढे करतो आणि ती नाकारणं उद्धटपणाचं वाटतं. माझ्या मित्राने ती आयुष्यभर नाकारली. विडी नाही, तंबाखू नाही, दारू नाही. घास अडकतोय म्हणाला तेव्हा एका डॉक्टरने पित्त म्हणून गोळ्या दिल्या, दुसऱ्याने वयाचं आहे म्हणून सांगितलं. दुर्बीण घातली तोवर उशीर झाला होता. गावात लोक हळहळले त्यात हा हिशेब होताच. "आयला, खाणारं हुंदडत्यात आणि ह्यो..." तो हसायचा. "मी काय विमा उतरवला होता होय?"

मुदाळतिट्ट्याला उतरून चहा घेतला. टपरीवाल्याने कप पुसता पुसता विचारलं, "कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

"कणकवलीचा. बिद्रीला सरांच्या घरी निघालोय."

"सरांच्याकडं व्हय! क्यान्सरनं गेलं की वो ते. शेवटी शेवटी पाणी बी उतरंना. माझ्या पोराला दहावीला फुकट शिकवलं बघा." एवढं बोलून त्याने स्टोव्हला पंप मारला. पैसे घेतले नाहीत.

आमच्याकडे त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. 'त्यांना जरा बरं नसतं' असं म्हणतात, आवाज खाली आणतात, आणि आजाऱ्यालाही शेवटपर्यंत कळू देत नाहीत. निदान आपण कळू दिलेलं नाही, अशी स्वतःची समजूत घालतात. माझा थोरला काका असाच गेला, सगळं ठाऊक असूनही ठाऊक नसल्याचं नाटक करत. इथे मित्र मुंबईहून परतला त्या संध्याकाळी ओटीवर वीस माणसं बसली होती आणि कोणत्या स्टेजला आहे, किती शेक दिले, किती खर्च आला, हे सगळं त्याच्या देखत उघड चाललं होतं. मला ते ऐकवेना, मी उठून परड्यात गेलो. तो मात्र एकेकाला व्यवस्थित उत्तर देत होता, फळ्यावर आकृती काढावी तशी हवेत बोटाने अन्ननलिका काढून दाखवत होता.

तिट्ट्याच्या अंगालाच आदमापूर, बाळूमामांचं. तेव्हाच्या चिकोडी तालुक्यातल्या अक्कोळला 1892 साली जन्मलेला हा धनगर मेंढ्या राखत दोन्ही राज्यांत फिरला आणि 1966 साली इथे विसावला. अमावास्येला इथे गाड्या लावायला जागा मिळत नाही. मामा गेले तरी त्यांच्या नावाची बकरी अजून फिरतात. हजारोंनी आहेत, त्यांचे वेगवेगळे बग्गे महाराष्ट्र-कर्नाटकात रानोमाळ हिंडत असतात, आणि आपल्या शेतात बग्गा बसला की शेतकरी स्वतःला भाग्यवान समजतो. भंडाऱ्याने सगळा परिसर पिवळा. पायऱ्या, कपाळं, एसटीच्या सीटासुद्धा.

मित्र या देवळात पाया पडायला कधी गेला नाही. पण बकऱ्यांच्या तळावर तो मला कितीदा तरी घेऊन गेला. एका संध्याकाळी वेदगंगेकडच्या रानात तळ पडला होता. वाघूर लावून कडं केलेलं, आत मेंढ्यांची दाटी, लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा असा भपका की डोळ्यांत पाणी यावं. नुकतं जन्मलेलं एक कोकरू घोंगड्याच्या खोळीतून फक्त तोंड बाहेर काढून होतं. एक मेंढी सारखी बाहेर पळत होती आणि मेंढका तिच्या मागे धावत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. काय एकेक शिवी! मी वळून मित्राकडे पाहिलं तर तो खुशीत. "ऐकतोस ना? चर्चमधे मेंढपाळावर इतकी प्रवचनं ऐकली. मेंढपाळ कायम स्वच्छ, गोरा, पांढऱ्या झग्यातला. मेंढपाळाला असा वास येतो हे कुणी सांगत नाही. आमचे काही पाळक तर सेंट मारून येतात." आणि थोड्या वेळाने, "तेविसाव्या स्तोत्रात काठी आहे, आकडी आहे. शिव्या लिहिलेल्या नाहीत, पण असणार. मेंढरं राखलेल्या माणसाचं नाव आहे त्यावर."

मग मेंढक्याने ती मेंढी धरली, पाय उचलून बघितला, खुरातला काटा दाताने उपटला आणि थुंकला. हे सगळं तोंडातली शिवी न थांबवता.

पुढे आजार बळावला, रात्रभर कळा यायला लागल्या, तेव्हा फोनवर मी विचारलं, "कसं आहे?" त्याचा आवाज घोगरा झाला होता. म्हणाला, "मेंढका शिव्या देतोय. म्हणजे जवळपास आहे."

मी नास्तिक माणूस. श्रद्धावंताचं आजारपण आम्ही जरा टपूनच पाहतो. आता देवाला दोष देईल, नाहीतर नवस-सायासाला लागेल, निदान 'मीच का' म्हणून विचारेल. त्याने ती संधी दिली नाही. मीच एकदा दादरला त्याच्याजवळ बसून तो प्रश्न काढला. तो टाटा हॉस्पिटलच्या उपचारांसाठी गाडगे महाराज धर्मशाळेत उतरला होता. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 सालचं, आणि सगळ्या देशातून तिथे येणाऱ्या आजाऱ्यांना, त्यांच्या माणसांना टेकायला जागा देणाऱ्या ज्या थोड्या जागा मुंबईत आहेत त्यांत ही धर्मशाळा. कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघणाऱ्यांत असे कितीतरी असतात. मांडीवर फायलींची पिशवी, गळ्याला मफलर. धर्मशाळेत बिहारची माणसं, बंगालची, विदर्भातली, कुणाचं डोकं तुळतुळीत, कुणाच्या नाकात नळी. भिंतीवर गाडगेबाबा, डोक्यावर खापर, हातात खराटा.

मी म्हटलं, "तुलाच का, असं वाटत नाही?"

तो म्हणाला, "हा प्रश्न तुला पडलाय. मला पाणी गिळता येत नाही, हा माझा प्रश्न आहे. तेवढी उशी उंच कर."

तिथेच कुणीतरी ओळखीतून आलेला एक गृहस्थ त्याला चंगाईच्या सभेला न्यायला आला होता. विश्वास पुरेसा असेल तर गोळ्या फेकून देता येतील, असं त्याचं म्हणणं. मित्राने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि उशाची फाईल काढून त्याच्या हातात ठेवली. "आधी ही वाचा. मग आपण प्रार्थना करू. डॉक्टरांच्या हातांसाठी करू." गृहस्थ फार वेळ थांबला नाही. मला वाटतं, मित्र आयुष्यात खरोखर चिडलेला मी पाहिला तो तेवढाच, आणि तो चिडला आपल्याच धर्माच्या माणसावर. "विश्वास कमी पडला म्हणून मेला, असं उद्या हा माझ्या बायकोला सांगणार," तो नंतर म्हणाला.

ज्या दिवशी अंगात थोडी ताकद असायची त्या सकाळी तो धर्मशाळेतला आपल्या खोलीपुढचा बोळ झाडायचा. लोक अडवायचे. तो गाडगेबाबांच्या फोटोकडे बोट दाखवायचा. "यांना हार घालणं माझ्यात बसत नाही. हे बसतं."

बिद्री तिट्ट्यापासून फार लांब नाही. गावाआधी कारखाना लागतो, दूधगंगा-वेदगंगा सहकारी, चार तालुक्यांतला ऊस इथे येतो. गव्हाणीपाशी गाड्यांची रांग, बैल सोडून खाली बसलेले गाडीवान, चुलीचा धूर, चिमणीची काजळी. ही काजळी हंगामभर गावातल्या वाळत्या कपड्यांवर बसते आणि बायका कारखान्याला शिव्या घालतात. त्याच कारखान्याच्या बिलावर पोरींची लग्नं ठरतात. मित्राचा थोरला मुलगा तिथे हंगामी कामगार म्हणून काट्यावर आहे. रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल, तरी मला बघून उठला आणि वाकून पाया पडला. मग स्वतःच हसला. "पप्पांनी शिकवलं न्हाई हे. शेजाऱ्यांनी शिकवलं."

वहिनींनी दारातच सांगितलं, "सलाम भावोजी. बसा, मी च्या टाकतो." पाठोपाठ शेजारची म्हातारी आली, तिच्यामागे तिची सून, मग पलीकडचे एक निवृत्त शिपाई. कोल्हापूरच्या बाजूला पाहुणा एका घरी येत नाही, आळीत येतो. म्हातारीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "कोकणातलं व्हय तुमी? नारळ आणला का न्हाई?" आणला होता. तो तिनेच फोडायला घेतला.

ही म्हातारी म्हणजे मावशी. मित्र अंथरुणाला खिळला तेव्हा आदमापूरहून भंडारा घेऊन आली होती. मी त्या दिवशी तिथे होतो. ख्रिस्ती घरात भंडारा कपाळाला लावून घेणं बसत नाही, प्रसादही बरेच जण खात नाहीत. शहरातल्या एखाद्याने तिला तत्त्वज्ञान ऐकवलं असतं, किंवा मग संकोचाने लावून घेऊन नंतर पुसलं असतं. त्याने मान पुढे केली. "मावशे, भंडारा राहू दे. पण हात ठेव डोक्यावर." तिने पदराला हात पुसला, पिवळी बोटं त्याच्या केस गेलेल्या डोक्यावर ठेवली आणि बराच वेळ काहीतरी पुटपुटली. जाताना म्हणाली, "तुझ्या द्येवाला बी सांग, मी आल्तो म्हणून." तो म्हणाला, "सांगतो."

जेवायला ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही, हरभऱ्याची भाजी आणि माझ्यासाठी मुद्दाम भात. आमच्याकडे पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालतात. इथे वहिनींनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली आणि तीत माझ्या गाडीचा प्रवास, मुलाची रात्रपाळी, मावशीचे गुडघे, अडकलेलं ऊसबिल, सगळं क्रमाने आलं. मावशी जोडलेल्या हातांनी ऐकत होती. गुडघ्यांचा उल्लेख झाला तेव्हा तिने जोरात मान हलवली.

शेवटच्या महिन्यांत मित्राला नळीतून पातळ अन्न देत. तरी मी आलो की माझं ताट त्याच्या खाटेसमोरच वाढायला लावायचा. मला घास उतरायचा नाही. तो मात्र विचारायचा, "खर्डा कसा झालाय? मीठ लागलंय? दाणे जास्त पडलेत का?" आणि मी सांगे तसा लक्ष देऊन ऐकायचा. एकदा म्हणाला, "तुझं वर्णन फार पुस्तकी असतं. जीभ भाजली म्हण, डोळ्याला पाणी आलं म्हण." मग मी तसं म्हणायला शिकलो. त्याच्या आधी कुणी मला खाताना इतकं बारकाईने पाहिलं नव्हतं.

दफन कोल्हापूरला झालं. इकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं, आणि त्याला पाहुणेरावळे, ओळखीपाळखीची माणसं गावोगावहून येतात. सरांना पुरलं होतं, रक्षा कुठली? तरी तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अंगणात दीडशे माणसं हजर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. शहरातून आलेले चर्चच्या मंडळीतले एक वडील गोंधळून गेले. वहिनींनी सतरंज्या अंथरल्या, पाळकांनी प्रार्थना घेतली. रात्री गावच्या भजनी मंडळाने विचारलं, आम्ही बसू का? मृदंग, टाळ, तुकोबांचे अभंग. त्या वडिलांना हे काही पटलं नाही. वहिनी म्हणाल्या, "त्यांस्नी दुसरं काय येत न्हाई. गाऊ देत." मला त्या वेळी नारायण वामन टिळक आठवले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. शाळेत आम्हाला टिळक फुला-मुलांचे कवी म्हणून भेटले. ते ख्रिस्ती होते ही गोष्ट मास्तरांनी घाईने उरकली होती. गारगोटीच्या वसतिगृहात याच्या तोंडून त्यांची भजनं ऐकली तेव्हा मी म्हणालो होतो, "अरे, हे तर दापोली तालुक्यातल्या करजगावचे. आमचे." "जन्म तुमच्याकडे," तो म्हणाला होता, "सांभाळले आम्ही."

मी बिद्रीला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी, मुलगा आणि मी, आम्ही तिघं दगडासाठी कोल्हापूरला निघालो. दूधगंगेच्या पुलावर पाणी संथ, काठाला म्हशी. इस्पुर्लीपुढे एका गुऱ्हाळावर मुलाने गाडी थांबवायला लावली. काहिलीत रस उकळत होता, मळी वर यावी म्हणून रानभेंडीचं पाणी टाकलेलं, आणि गुळव्या फावड्यासारख्या हत्याराने फेस बाजूला करत होता. त्याने न विचारता द्रोणात गरम काकवी दिली. वहिनी म्हणाल्या, "हे इथं थांबल्याबिगर कधी पुढं जायचे न्हाईत." काकवीने जीभ भाजली. डोळ्याला पाणी आलं.

कात्यायनीचा डोंगर, कळंब्याचा तलाव आणि मग शहर. दगडावर अक्षरं कोरणाऱ्याचं दुकान एका बोळात होतं. बाहेर तुळशीवृंदावनं, पाण्याचे डोण, 'मातृछाया', 'गुरुकृपा' अशा घरांच्या पाट्या, आणि एका कोपऱ्यात पाठमोरा टेकलेला एक क्रूस. कारागीर कानाला पेन्सिल लावून बसला होता. भाव अक्षरावर, असं त्याने आधीच सांगितलं. काना-मात्रा धरून.

मी घरून मजकूर लिहून नेला होता. नाव, जन्म, मृत्यू, एम.ए. बी.एड., आदर्श शिक्षक, आणि खाली दोन ओळी. कारागिराने मोजायला सुरुवात केली. वहिनींनी कागद घेतला, पेन्सिल मागितली.

"एम.ए. बी.एड. काढा. तिथं काय पगार वाढवून मिळणाराय?"

मुलगा म्हणाला, "मम्मी, आदर्श शिक्षक राहू दे."

"आदर्श काढ. शिक्षक राहू दे."

माझ्या दोन ओळींवर त्या थोडा वेळ थांबल्या, मग माझ्याकडे न बघताच त्यावर रेघ मारली. खाली लिहिलं, 'स्तोत्र 23'. कारागिराने विचारलं, तेवीस अक्षरात का आकड्यात? आकड्यात स्वस्त पडेल.

"आकड्यात."

"वर क्रूस घालायचा?"

"बारका घाला," वहिनी म्हणाल्या, "आणि मोठ्ठा केला म्हणून जादा लावू नका."

ॲडव्हान्स निम्मा द्यायचा होता. त्यातही त्यांनी दोनशे रुपये कमी केले, आणि दगड फेब्रुवारीच्या आत पोचला नाही तर उरलेले मिळणार नाहीत असं मुलाला पावतीच्या मागे लिहून घ्यायला लावलं.